जोडीची क्लॅरोनेट

मित्रांनो, माझा काळा रंग कडेकडेने उडाला आहे आणि दोन चाव्यांना रबर लावून ताण दिला आहे, तरी मी अजून वाजते. मी दोंडाईच्याच्या एका बँडमधली जुनी क्लॅरोनेट आहे. आमचे लोक मला नुसते 'बाजा' म्हणतात.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीत झाला. एकाच कारागिराने एकाच दिवशी आम्हा दोघी बहिणींना घडवले. सुकदेव आबांनी आम्हाला शेजारी शेजारी वाजवून पाहिले आणि मगच घरी आणले. ते आमच्या बँडचे मास्तर. पावसाळ्यात मिरचीचे शेत करायचे आणि लग्नसराईत बँड वाजवायचे. माझी बहीण त्यांच्या हातात असे, तर मी त्यांचा शिष्य लोटन याच्या हातात.

दोन क्लॅरोनेट नीट जुळल्या की ऐकणाऱ्याला दोन वाटतच नाहीत. एकच रुंद, भरलेला सूर येतो. तसे आम्ही अकरा वर्षे वाजलो. नवरदेवाचा घोडा निघाला की बायका ओट्यावर येऊन म्हणायच्या, "आबाना बँड उना!" म्हणजे आला!

मग सत्त्याऐंशीचा मे महिना आला. शिंदखेड्याच्या एका लग्नात सगळे जेवायला बसले आणि माझी बहीण पेटीबाहेर, आमच्या मॅटाडोर गाडीच्या तापलेल्या टपावर राहून गेली. आम्ही लाकडाच्या नव्हे, एबोनाइटच्या, म्हणजे उन्हाने मऊ पडणाऱ्या कडक रबराच्या. जेवणे आटोपेपर्यंत ती वाकली होती. तिची भोके तिरकी झाली आणि तिचा आवाज कायमचा गेला.

बँडचे मालक रतिलालभाऊ नवी आणायला जळगावला निघाले. आबा म्हणाले, "भाऊ, मी येतो. लोटनचा बाजाही सोबत घेऊ. दोन्ही एकत्र वाजवून पाहू."

"बाजा आणायला बाजा कशाला न्यायचा?" भाऊ हसले. "नवी वस्तू ती नवी!"

संध्याकाळी ते एकटेच जाऊन नवी क्लॅरोनेट घेऊन आले. तिच्या चाव्या आरशासारख्या चमकत होत्या. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिले गेले. आबांनी ती एकटीच वाजवली, तेव्हा बरी वाटली. मग लोटनने मला ओठांना लावले आणि आम्ही दोघी एकदम वाजलो.

काय सांगू, मित्रांनो! कानात कुसळ गेल्यासारखे झाले. खालचे सूर जुळवावे तर ती वर चढायची. वरचे जुळवावे तर खाली बसायची. तिची भोकेच चुकीच्या जागी पाडली होती. तसला बाजा कोणालाही सुरात वाजवता आला नसता. पण ती नवी होती ना! त्यामुळे तिच्यावर कोणाचा संशयच जाईना.

"आबा, तुमची फूक कमी पडते," भाऊ म्हणाले.

आबांनी बाजाच्या तोंडाची वेताची पत्ती बदलली. रोज पहाटे शेतात जाऊन सराव केला. ओठ आतून फाटले. तरी लग्नात आम्ही वाजायला लागलो की लोक एकमेकांकडे पाहायचे. एका वरबापाने तर भर मिरवणुकीत हात वर करून आम्हाला थांबवले आणि नुसते ढोल वाजवायला सांगितले. आबा खाली मान घालून चालत राहिले. मला एवढा संताप आला होता की सांगता सोय नाही.

आणि खरा राग मला लोटनचा येई. दोघांनी बाजे अदलाबदल करून पाहिले असते तर दोन मिनिटांत सगळे कळले असते. लोटनच्या ते मनात आलेही होते. एकदा मला पुसता पुसता तो पुनाजवळ बोलला. पुना आमचा ट्रम्पेट वाजवणारा, पण त्याला क्लॅरोनेटही येई. "मी नवा बाजा वाजाडा आनि तो जुळी गया, तं आबानी उरलीसुरली इज्जत बी जाई," लोटन म्हणाला. गुरूची लाज राखायची म्हणून तो गप्प राहिला. पुनाही गप्प राहिला.

सराई संपता संपता भाऊंनी नवीनच शोध लावला. "आबा, तुमचे समोरचे दोन दात हलतात. तिथूनच फूक निसटते."

आबांना ते पटले. घरी वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार चिडल्या.

"दात थोडा हालतस तं काढी टाकतस का? खावाले चालतस ना?"

"खावाले चालतस, फुकाले नही," आबा म्हणाले.

श्रावणात ते धुळ्याला गेले. दोन दात काढले आणि महिन्याभराने खोटे बसवून घेतले. तुळशीचे लग्न लागले, पहिली सुपारी आली. आबांनी नवी क्लॅरोनेट तोंडाला लावली आणि फुंकर घातली. खोटे दात सरकले. नुसती हवा फुसफुसली. त्यांनी पुन्हा फुंकले, पुन्हा फुंकले. मग रुमालाने बाजा स्वच्छ पुसून पेटीत ठेवला आणि ते घरी निघून गेले.

आता मास्तरांची जागा कोणीतरी घ्यायलाच हवी होती. लोटनने नवी क्लॅरोनेट घेतली आणि मला पुनाकडे दिले. आम्ही दोघी वाजलो. तेच कुसळ! लोटनने पत्ती बदलली, सूर जुळवायला बाजाचा सांधा ओढून पाहिला, पुन्हा वाजवले. तेच! मला बगलेत मारून तो तसाच आबांच्या शेतात पळत गेला.

आबा मिरच्या तोडत होते.

"आबा, तुमना दोष नही शे," लोटन धापा टाकत म्हणाला. "बाजाच खराब शे. माले आते समजनं."

आबांचा हात थांबला. "मना तोंडमा खोट नव्हती?"

"नही, आबा."

"मंग दात काढाना आगोदर कोनी कसं काय नही देखं?"

लोटन बांधावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. आबांनी त्याला उगी केले नाही. पाटी भरेपर्यंत ते मिरच्या तोडत राहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही जळगावला गेलो. भाऊ, लोटन, पुना, मी आणि आबा. आबा दुकानात स्टुलावर डोळे मिटून बसले. पुना मला वाजवी आणि लोटन दुकानातली एकेक क्लॅरोनेट. पहिली आबांनी नाकारली. दुसरी, तिसरी नाकारली. दुकानदार कंटाळला. चौथी वाजली आणि माझ्या अंगातून एक कंप गेला. किती महिन्यांनी तो रुंद सूर आला होता!

"हाईच," आबा म्हणाले.

भाऊंनी तोंड वाकडे केले. "पण हिच्या चाव्या किती मळकट! लोक काय म्हणतील? ती तिसरी घेऊ."

आबांनी आजवर मालकांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या दिवशी ते उठून उभे राहिले.

"मना दोन दात गयात, भाऊ. आते तरी मना कानवर भरोसा ठेवा."

भाऊ वरमले. चौथीच घेतली.

आता ती लोटनकडे आहे, मी पुनाकडे, आणि आमची जोडी छान जमली आहे. आबा आमच्या मागे खुळखुळा वाजवत चालतात. लोक म्हणतात, बँड पुन्हा पहिल्यासारखा झाला. मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना उन्हात टाकू नका. नवे वाद्य घ्याल तेव्हा ज्यांच्यासोबत ते वाजायचे आहे, त्यांच्यासोबत वाजवून घ्या. सूर बिघडला तर आधी वस्तू तपासा आणि मग माणसाला बोल लावा. आणि कोणाचा मान राखायचा म्हणून मनातली शंका गिळू नका. मला कोणी फुंकल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्हाला येते.