दस्त्यावर दातांचे व्रण असलेली रायफल

"हेल्मी, जुनी रायफल घेणार असाल तर दुकानातच घोडा अर्ध्यावर चढव आणि अंगठ्यानं ढकलून बघ. दुकानवाला मर्ल हसला तर हसू दे."

आइनो आत्या खिमा भरलेल्या पेस्टीच्या कडा दुमडता दुमडता हे म्हणाली होती, माझ्याकडे न बघता. तिच्या नवऱ्यापेक्षा तिनंच जास्त हरणं मारली, असं सगळे म्हणतात. मी तेव्हा हसले होते. म्हटलं, "आत्या, रायफल ऑरिनला घ्यायचीय. मी कशाला तिथं घोडे ढकलत बसू?" माझ्या तान्ह्या लेकीला, लेम्पीला, दात येत होता, तिनं माझं बोट हिरड्यांत धरून ठेवलं होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडे. आत्यानं पुन्हा सांगितलं नाही. ती कधीच दुसऱ्यांदा सांगत नाही.

ऑरिन, माझा नवरा, डावखुरा आहे. गेल्या शिकारीच्या हंगामात भावाची बोल्टवाली रायफल घेऊन गेला होता. ती उजव्या हातासाठी बनवलेली, मागेपुढे करायची खिटी उजव्या बाजूला. पहिली गोळी चुकली. दुसरं काडतूस चढवायला डावा हात रायफलीवरून पलीकडे नेईपर्यंत हरीण सीडरच्या झाडीत नाहीसं झालं. तो हिवाळा आम्ही बटाटे आणि रुटाबागाच्या कंदांवर काढला. यंदा मिलमध्ये त्याचे तास कमी केलेत, त्यामुळे डीप फ्रीझरमध्ये हरीण पडणं ही हौस राहिलेली नाही.

डावखुऱ्यांसाठीची बोल्टवाली आमच्या ऐपतीत बसत नव्हती. लिव्हरवालीला मात्र डावं-उजवं नसतं. लिव्हर खाली मधोमध असते. कुठल्याही हातानं खाली ओढली, वर ढकलली की पुढचं काडतूस तयार. शिवाय ती आखूड आणि हलकी. आमच्या दलदलीत हरीण दिसतं तेच मुळी हातभर अंतरावर. लांबचा नेम कुणाला हवाय? मी सगळं वाचून काढलं होतं. काडतूस असं हवं, जे आमच्याकडच्या प्रत्येक पेट्रोल पंपावर मिळतं. नळीत दिवा धरून गंज बघायचा. लिव्हर बंद केल्यावर खुळखुळता कामा नये. दस्ता खांद्याला नीट बसला पाहिजे. मी कॉलेजात शिकलेली बाई. वाचून घेतलं की सगळं कळतं, असं मला वाटायचं.

मर्लच्या दुकानात आमच्या पैशांत बसणाऱ्या दोनच रायफली होत्या. एक कुरूप. बर्चच्या लाकडाला तांबूस रंग फासलेला, आणि घोड्याच्या बाजूला एक आडवं बटण. ते दाबलं की घोडा पडला तरी काडतुसाला लागत नाही. दुसरी जुनी, अक्रोडाच्या लाकडाची. हातांनी झिजून मऊ झालेली, काळी, देखणी. दस्त्याच्या टाचेवर कुत्र्याच्या दातांचे व्रण होते. कधीतरी कुणाच्या पिल्लानं चावलेलं.

"ते बटण कंपनीच्या वकिलांसाठी असतं, खटले टाळायला," मर्ल म्हणाला. "तुझ्या आजोबांच्या रायफलीला बटण होतं का रे, ऑरिन?"

"नव्हतं."

"मेले का ते त्यानं?"

"नाही. गोड पाय खाऊन खाऊन मेले."

"पाय कसला?"

"ब्लूबेरीचा. साखरेचा आजार होता त्यांना."

दुकानातल्या कॉफीच्या भांड्याभोवती बसलेले सगळे हसले. मीही हसले. मर्लनं जुनी रायफल ऑरिनच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही काळजी करू नका. काडतूस आत, घोडा अर्ध्यावर, आणि मग पाळण्याशेजारी उभी केली तरी काही होत नाही."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या जुन्या रायफलींचा घोडा बाहेर असतो. लिव्हर मारली की काडतूस आत जातं आणि घोडा पूर्ण चढतो. मग माणूस तो अंगठ्यानं धरून, चाप हलकेच ओढून, अर्ध्यावर आणून सोडतो. तिथं आत एक खाच असते. तिच्यात घोडा अडकला की चाप कितीही ओढा, सुटत नाही. तेवढंच तिचं कुलूप. आमच्याकडचे लोक पिढ्यान् पिढ्या या एका खाचेच्या भरवशावर आत काडतूस ठेवून कुंपणं ओलांडतात, मचाणं चढतात. खाच झिजते, हे कुणाच्या बोलण्यात येत नाही. खाच म्हणजे जणू आजोबांचा शब्द.

आम्ही ती देखणी घेतली.

शनिवारी नेम लावायला वाळूच्या खाणीवर गेलो. ऑरिन पुढे, रायफल पट्ट्यानं खांद्याला उलटी, नळी मागे झुकलेली. घोडा अर्ध्यावर, आत काडतूस. मागून मी, पाठीवर लेम्पी. वाटेत पाण्याची चारी होती, ती त्यानं उडी मारून ओलांडली. रायफल त्याच्या कमरेवर आपटली. मला ते तेव्हा दिसलं होतं. आवाजही आठवतो, लाकडावर जाकिटाच्या बटणाचा. मी म्हटलं, "हळू." तो म्हणाला, "अगं, अर्ध्यावर आहे."

रविवारी सॉनाची वाफ घेऊन झाल्यावर आत्या आमच्याकडे कॉफीला आली. रायफल टेबलावर होती. तिनं विचारलं नाही, सरळ उचलली. लिव्हर उघडली, आत करंगळी घालून रिकामी आहे का बघितलं. मग नळीखालच्या, जादा काडतुसं भरतात त्या नळकांड्यातही डोकावली. घोडा पूर्ण चढवला, अर्ध्यावर आणला. अंगठा मागून टेकवला आणि पुढे ढकललं.

टक.

खाचेत अडकायचा घोडा सुटून पुढे पडला होता. "पुन्हा कर," ऑरिन म्हणाला.

टक.

"दे इकडे." त्यानं स्वतः केलं. टक. मग चापाला बोटही न लावता रायफलीची टाच जमिनीवर आपटली. टक.

लेम्पी टेबलाखाली होती, टेबलाचा पाय धरून उभं राहायला बघत होती. तो आवाज ऐकून ती हसली. तिला खेळ वाटला. ऑरिननं रायफल टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले. हाताला काहीच लागलेलं नव्हतं तरी पुसले. मला ती चारी दिसत होती. मागे झुकलेली नळी दिसत होती, आणि त्या नळीच्या रेषेत मी.

आत्या एवढंच म्हणाली, "मर्लला माहीत असणार. तो प्रत्येक रायफल घेताना हे बघतो. मीच शिकवलंय त्याला."

तळपायाची आग मस्तकात जाणे असं आपण सहज म्हणून जातो. त्या दिवशी मला ती आग वर चढताना खरोखर जाणवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात होते. लेम्पी कडेवर, ऑरिन मागे. मर्लनं घोडा ढकलून बघितला, त्याला नवल वाटलं नाही.

"अर्ध्यावरच्या घोड्याला ढकलायला सांगितलंय कुणी?"

"झाडाची फांदी ढकलेल. कुंपणाची तार ढकलेल. ट्रकचं दार ढकलेल. त्यांना कोण सांगणार, ढकलू नका म्हणून?"

"आवाज नको चढवूस, हेल्मी. बाळ घाबरेल."

"बाळ नळीसमोर होतं तेव्हा नाही घाबरलं, आता कशाला घाबरेल?"

त्यानं ऑरिनकडे बघितलं. पुरुष पुरुषाकडे बघतो तसं, आवर रे हिला असं. ऑरिन त्या कुरूप रायफलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती दे बदल्यात." एवढंच. मर्लनं दिली, वर तोंड वेंगाडून म्हणाला, "वकिलांना नमस्कार सांग."

"आणि हिचं काय करणार?" मी विचारलं.

"कारागिराकडे पाठवीन. नवी खाच पाडून देईल."

"पाठवाल?"

"पाठवीन म्हटलं ना."

ट्रकमध्ये ऑरिन म्हणाला, "झालं ना आता? आपली बदलून मिळाली." आपली! हा माणूस वाईट नाही. लेम्पीसाठी रात्र रात्र जागतो. पण मर्लशी भांडण म्हणजे हिवाळ्यात उधारीवर बर्फाचं फावडं मिळणार नाही, कॉफीच्या भांड्याभोवती जागा मिळणार नाही. आमच्याकडच्या पुरुषांना बंदुकीची भीती वाटत नाही. त्या कॉफीच्या भांड्याची वाटते.

पुढच्या आठवड्यात काडतुसं आणायला मी एकटीच गेले. भिंतीवरच्या रांगेत त्या रायफलीची जागा रिकामी होती.

"कारागिराकडे गेली का?"

"गेली," मर्ल म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून, "विकली गेली."

"दुरुस्त करून?"

"हंगाम तोंडावर आलाय. कारागिराकडे नाताळपर्यंत रांग आहे."

"त्या माणसाला सांगितलंत?"

"मोठा माणूस आहे तो. हातात घेतली, आवडली, घेतली."

"सांगितलंत का, विचारतेय मी!"

"जुनी आहे, सांभाळून वापर, असं सांगतो मी सगळ्यांनाच."

"मला नव्हतं सांगितलं. मला पाळण्याशेजारी ठेवा म्हणालात."

कॉफीच्या भांड्यापाशी बसलेल्यांपैकी एकजण मोठ्यानं म्हणाला, "मर्ल, ऑरिनला निरोप दे. बायकोलाही एक बटण बसवून घे म्हणावं." सगळे खिदळले. मी त्या प्रत्येकाला ओळखते. त्यातल्या एकाच्या घरी मी त्याच्या आजारी बायकोसाठी सूप घेऊन गेले होते. त्यानंही दात काढले.

नाव विचारलं, मर्लनं दिलं नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगत नाही म्हणे. अब्रू फक्त त्याच्या बोलण्यात आहे.

बाहेर पडताना गल्ल्यावर त्याची बायको डोरीन होती. काडतुसांची पेटी पिशवीत घालताना ती खाल मानेनं बोलली. "नाव सांगितलं तर हा मला घरात घ्यायचा नाही. पण नवीन राहायला आलाय इथं. लाल दाढी आहे. पहिलाच हंगाम त्याचा. चांगला माणूस गं, दोनदा आभार मानले. मर्लला विचारत होता, घरात कुठं ठेवतात ही, बाळ रांगतंय म्हणून."

"आणि मर्ल काय म्हणाला?"

डोरीन गल्ल्यातली नाणी सारखी करत राहिली. पाळण्याशेजारचं ते वाक्य मला पाठ होतं.

मी शेरीफच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, जुनी वस्तू विकणं गुन्हा नाही, बाई. पेट्रोल पंपावर रायफलीबद्दल इशारा लिहून कागद लावला, तर दोन दिवसांत त्यावर मासे धरायच्या अळ्यांची जाहिरात चिकटवलेली. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मर्लनं छपरासाठी देणगी दिलीय, जरा जपून बोल." आत्या आणि मी तिच्या गाडीतून नव्या वस्तीच्या रस्त्यांवर फिरलो, लाल दाढी शोधत. एका घरी कुत्रा अंगावर आला, एका घरी दाराच्या फटीतूनच "काही विकत घ्यायचं नाही" म्हणाले. हंगाम पंधरा तारखेला उघडतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, मिलला असते. सगळ्या घरांतल्या रायफली बाहेर येतात आणि संध्याकाळी आत जातात. ओल्या, थकलेल्या माणसांच्या हातून, दाराशेजारच्या कोपऱ्यात.

म्हणून हे इथं, आपल्या पेपरात, छापायला दिलंय. संपादकानं मर्लचं आडनाव काढून टाकलं. काढू दे. या काउंटीत मर्ल कोण, हे सांगायला आडनाव लागत नाही.

तुमच्या शेजारी कुणी नवीन राहायला आलं असेल, लाल दाढी, रांगतं बाळ, तर आजच जा. पेस्टी घेऊन जा, अंडी घेऊन जा, काहीतरी निमित्त काढा. त्याच्याकडे अक्रोडाच्या दस्त्याची लिव्हरवाली रायफल आहे का विचारा. टाचेवर कुत्र्याच्या दातांचे व्रण आहेत का, बोट फिरवून बघा. असतील तर तिथल्या तिथे काडतुसं काढायला लावा. आतलंही आणि खालच्या नळकांड्यातलंही. मग त्याला माझ्याकडे पाठवा. आमची बटणवाली मी त्याला हंगामभर वापरायला देईन. ऑरिनशी मी बोलले आहे. तो हो म्हणाला, लगेच नाही, पण म्हणाला.

तो लाल दाढीवाला हसेल कदाचित. तुमच्यावर चिडेल. हसू दे, चिडू दे. दार उघडलं की आधी फक्त बघा, बाळ कुठं आहे.