हलका झालेला गियर

मानोलची निळी गाडी दोन माणसं मिळून चालवायची, आणि त्यातलं एक माणूस फेब्रुवारीत गेलं.

बारा वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत पाइनचा ओंडका त्याच्या उजव्या खांद्यावर आला. हात राहिला, हातातला जोर गेला, आणि गाडीचा गियर नेमका उजव्या हाताला. तेव्हापासून स्टिअरिंग, क्लच आणि शिव्या मानोलकडे, आणि गियर सेव्दाकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. तिला परवाना नव्हता आणि तो हवाही नव्हता. मांडीवर पिशवी घेऊन ती शेजारी बसायची, डावा हात दांड्यावर. तो क्लच दाबून "दुसरा" म्हणाला की ती अख्खं अंग मागे टाकून दांडा ओढायची. स्मोल्यानच्या बाजारात लोक गाडी थांबवून हा तमाशा बघत. मानोलला त्याची लाज वाटायची, सेव्दाला कधीच वाटली नाही.

गियर कसला, गार झालेल्या मक्याच्या लापशीत रुतलेली पळी होती ती. न्यूट्रलमध्ये नुसताच लोंबकळायचा, पुढे कुठेतरी अडायचा, आणि शेवटी करकरून आत जायचा. थंडीत तर दुसरा पडेपर्यंत चढ संपलेला असायचा.

ऑगस्टमध्ये प्लोव्दिव्ह शहरातून मुलीचा फोन आला. नेव्हेना एका दवाखान्यात नर्स होती आणि दवाखान्यातल्यासारखंच बोलायची.

"बाबा, गावात दुकान नाही, डॉक्टर नाही, बस आठवड्यातून एकदा. गाडी तुला चालवता येत नाही. शनिवारी आईच्या सहा महिन्यांच्या प्रार्थनेला येतेय, रविवारी तुला घेऊन जाते. सामान बांधून ठेव."

"बरं," मानोल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पण सामान काही त्याने बांधलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये जावयाच्या चपला चुकवत मरायचं नव्हतं त्याला. बुधवारी सकाळी दारातच त्याने दोन्ही हातांनी दुसरा गियर टाकला आणि खालच्या गावापर्यंत आठ किलोमीटर त्याच गियरमध्ये उतरला. करमफिल मिस्त्री गॅरेजच्या दारात कॉफी पीत उभा होता. दारावर सेव्दाला जाऊन सहा महिने झाल्याचा स्मरणाचा कागद डकवलेला होता, फोटोसकट. तो मानोलनेच गेल्या आठवड्यात लावून घेतला होता.

"मानोलदादा, लांबून आवाज ऐकला. मला वाटलं, कुणी डुक्कर कापतंय."

"गियर हलका करून दे. दोन बोटांनी पडला पाहिजे. शनिवारच्या आत."

"का? शनिवारी परत बोहल्यावर चढतोयस?"

"नेव्हेना न्यायला येतेय मला."

करमफिलने उरलेली कॉफी झाडाला ओतली आणि गाडीखाली शिरला.

गियरबॉक्समधून तेल निघालं ते गळेना, लोंबत राहिलं. "हे काय घातलंयस यात?" खालून आवाज आला.

"गिरणीतल्या ट्रॅक्टरचं. जाड तेल ते चांगलं तेल."

"सगळा डोंगर असंच म्हणतो, आणि सगळा डोंगर गियर मोडून माझ्याकडे येतो. अरे दादा, ट्रॅक्टरचं तेल ट्रॅक्टरला. इतक्या जाड तेलात गियर फिरणार कसे आणि जुळणार कसे? वहिनींच्या खांद्याला मानलं पाहिजे."

मानोल टायरवर बसून राहिला. दांड्याच्या खाली एक सळी गियरबॉक्सपर्यंत जाते, तिच्या सांध्यांत प्लास्टिकचे दोन बुश असतात, बोटाच्या पेराएवढे. एकाचा भुगा झाला होता, दुसरा झिजून लांबट झाला होता. करमफिलने वरच्या फळीवरून कागदाची पुडी काढली आणि नवे बुश बसवले. सांधे रॉकेलने धुतले, पांढरं ग्रीस लावलं, पातळ तेल भरलं, क्लचची केबल ताणली. जेवायच्या वेळेपर्यंत काम झालंसुद्धा.

"बस आत. क्लच पूर्ण दाब, दांड्याशी भांडू नकोस. नुसती दिशा दाखव त्याला."

मानोलने आपला दुबळा हात दांड्यावर ठेवला. पहिला गेला. दुसऱ्याला त्याने सवयीने दात आवळले, पण ते वाया गेले, दांडा हळूच मागे सरकला आणि आत बसल्याचं फक्त तळव्याला कळलं. तिसरा, परत दुसरा. फेब्रुवारीनंतर तो पहिल्यांदाच हसला. आता त्याला त्या घरातून कुणी हलवू शकत नव्हतं.

उतरताना त्याची नजर बाकावरच्या रिकाम्या पुडीवर गेली. वर पेन्सिलीने त्याच्याच गाडीचा नंबर होता. कागद पिवळा पडला होता.

"हे बुश कधी आणलेस?"

करमफिल चिंध्यांनी हात पुसत बसला, पुसून झाले तरी.

"आठ वर्षं झाली. तू आला होतास ना, गियर हलका कर म्हणून."

"तेव्हा तू म्हणालास, या गाड्यांचा गियर असाच असतो."

"म्हणालो. तू बाहेर सिगरेट ओढत होतास तेव्हा वहिनी आत आल्या. म्हणाल्या, 'करू नकोस. घरात हा दिवसभर तोंड उघडत नाही. गाडीत निदान दुसरा, तिसरा तरी म्हणतो. तेवढं राहू दे मला.'" त्याने दारावरच्या फोटोकडे पाहिलं. "म्हणून तुला खोटं सांगितलं. पुडी फळीवर टाकली."

मानोलला आधी करमफिलचा राग आला, मग सेव्दाचा. पण घाटात पहिल्या वळणावर दुसरा गियर दोन बोटांनी पडला, दुसऱ्या वळणावरही पडला, आणि राग कुणावरच टिकेना. काम इतकं सोपं होतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तिने आठ वर्षं खांदा मोडून घेतला होता. मानोल कायम म्हणायचा, आमच्या घरात भांडण नाही, शांतता आहे. जेवताना ती काहीबाही सांगायची, तो रेडिओ ऐकत "हं" म्हणायचा. ती शांतता एकट्या त्याचीच होती, हे त्याला सत्तराव्या वर्षी एका मिस्त्रीने सांगावं लागलं. घर आलं तरी बराच वेळ तो गाडीतून उतरला नाही. आत जायची त्याला भीती वाटत होती.

संध्याकाळी त्याने स्वतःहून नेव्हेनाला फोन लावला.

"गाडी झाली दुरुस्त. दोन बोटांनी पडतो गियर. रविवारी तू सांगशील तिथे चालवून दाखवतो."

"मग राहा, बाबा. मी काही ओढून नेणार नाही तुला. सामान नको बांधूस. ठेवते."

तो जिंकला होता.

"थांब," तो म्हणाला. "ठेवू नकोस. एक विचारायचंय. तुझी आई कधी म्हणायची का, की मी घरात बोलत नाही?"

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"बाबा, ती रोज फोन करायची मला. तू शेळ्यांकडे गेलास की. तासभर."

"रोज? काय बोलायची?"

"काय शिजवलं, काय वाळत घातलं. खरं सांगू? तुझ्याशी बोलायचं उरलेलं सगळं."

मानोल फोनशेजारच्या खुर्चीवर बसला. मग त्याने तिला आज दुपारी काय शिजवलं होतं ते सांगायला सुरुवात केली.