आधी सुकू दे

मित्रांनो, मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. नाव जड वाटत असेल तर इस्पितळातल्या मावशींसारखं 'मोठा कुकर' म्हणा, मला राग येत नाही. फक्त माझ्यात स्वयंपाक होत नाही. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे आणि कापडं यांच्यावरचे डोळ्यांना न दिसणारे जंतू मी वाफेने मारतो.

एका कारखान्यात पोलादाचा जाड पत्रा गोल वाकवून माझं पोट घडवलं. मी कुठे झिरपतो का, हे पाणी भरून, दाब देऊन तपासलं. मग दाराला हातचाक आणि कपाळावर दाबाचा काटा बसवून मला या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत आणून उभं केलं.

लोकांना वाटतं, वाफ नुसती गरम असते म्हणून जंतू मरतात. पण वाफेचं खरं बळ तिच्या पाणी होण्यात आहे. पाण्याची वाफ करताना जी उष्णता खर्ची पडते, ती वाफेत गुपचूप बसून असते. थंड कात्रीला स्पर्श झाला की वाफेचं पाणी होतं आणि ती दडलेली उष्णता कात्रीला मिळते. मध्ये हवा राहिली तर वाफ कात्रीपर्यंत पोचतच नाही, म्हणून आधी माझ्या पोटातली हवा हाकलून लावतात. थिएटरच्या सिस्टर नव्या मुलींना शिकवायच्या, "वाफेला घाम फुटला पाहिजे गं. आणि फुटलेला घाम वाळलाही पाहिजे."

या दुसऱ्या वाक्याकडे मुली फारसं लक्ष द्यायच्या नाहीत.

एकदा आमच्याकडे एक रंगारीण आली. घरं रंगवणं हा तिचा आणि तिच्या भावाचा धंदा. रंगकामाच्या घोडीवरून पडून तिचं गळ्याजवळचं उजवं हाड मोडलं होतं. झोळीत हात ठेवून ती घरी बसली, पण दुखायचं थांबल्याबरोबर "झालं एकदाचं!" म्हणत झोळी भिरकावून कामाला लागली. हाड जुळलं, पण दोन्ही टोकं एकमेकांवर चढून, आखूड आणि वाकडं. खांदा पुढे ओघळला. हात डोक्याच्या वर नेला की बोटांना मुंग्या यायच्या आणि ब्रश गळून पडायचा. भिंती कशाबशा जमत. छत मात्र सुटलं होतं. आणि छत न रंगवणाऱ्या रंगाऱ्याला कोण बोलावणार?

बाहेरगावाहून अधूनमधून येणारे हाडांचे डॉक्टर तिची शस्त्रक्रिया करणार होते. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापायचं, ओढून मूळ लांबीवर आणायचं आणि वरून धातूची पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवायची. ती पट्टी आतच राहणार. तिच्याबरोबर जंतू आत गेले, तर सगळंच मुसळ केरात.

त्या सकाळी मावशींना घाई होती. पट्ट्या, स्क्रू, ड्रिल, हातोडी, सगळं जड सामान त्यांनी एकाच गठ्ठ्यात बांधलं. जितका थंड धातू जास्त, तितकं वाफेचं पाणी जास्त. काटा चढला, वेळ भरली, काटा उतरला. मावशींनी लगेच दार उघडलं आणि त्याही म्हणाल्या, "झालं एकदाचं!"

सिस्टरांनी गठ्ठ्याखाली हात घातला. तळवा ओला झाला.

"मावशी, हे काय?"

"अहो, वाफेचंच पाणी आहे ते. वाफेचं पाणी कसलं घाण?"

"आतलं चांगलंय हो. पण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. सुकं असतं तर अडले असते."

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कापडाच्या ओल्या डागाकडे. "हा गठ्ठा नको. नव्या कापडात दोन गठ्ठे करा आणि नीट वाळवा. माझी गाडी गेली तर गेली."

बाहेर रंगारीण उपाशीपोटी ढकलगाडीवर पडून होती. भावाचा पारा चढला. "सकाळपासून पाण्याचा थेंब नाही हिच्या पोटात! थोडंसं ओलं असलं तर काय बिघडतं?"

ती छताकडे बघत होती. "दादा, ओल्या भिंतीवर आपण कधी रंग मारतो का? ते छत बघ. कुणीतरी मारलाय, म्हणून पोपडे निघालेत. सुकू दे आधी."

भावाने मान वर करून छत पाहिलं. मावशींनी गठ्ठा सोडून नव्या कापडात दोन गठ्ठे बांधले, सुटे सुटे. मी पुन्हा घाम गाळला आणि या वेळी तो वाळेपर्यंत माझं दार कोणी उघडलं नाही. डॉक्टरांची गाडी गेली. पट्टी मात्र सुकी आणि निर्मळ आत गेली.

नंतरचे महिने तिने मन मारून काढले. झोळी सोडायला डॉक्टर सांगेपर्यंत तिने सोडली नाही. मग हळूहळू व्यायाम.

आणि एके दिवशी माझ्याच खोलीत घोडी उभी राहिली. वाफेने कुजलेलं छत रंगवायचं काम तिलाच मिळालं होतं. तिने पोपडे खरवडले, ओल हाताने चाचपली आणि खाली उतरून थांबली. मावशी विचारायला आल्या, "झालं का गं?" दोघीही हसल्या. छत सुकल्यावर तिने उजवा हात सरळ वर नेला. ब्रश पडला नाही.

आता माझ्या शेजारी नवं यंत्र आलं आहे. माझ्या दाराचं रबर कडक झालंय. मी फक्त चादरी आणि गाऊन वाफवतो. माझं हातचाक आता कोणी चकचकीत करत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं. तरी मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मागणं एवढंच, की कोणतंही काम संपवून "झालं" म्हणण्याआधी एकदा त्याच्याखाली हात घालून बघा. तळवा ओला लागला, तर थोडं थांबा.