वीतभर उघडा कोपरा

दुकान एकच दिवस उघडायचं, असं सिद्धोधननं ठरवलं होतं. शनिवारी बायांच्या देखत उघडायचं आणि संध्याकाळी कुलूप घालून किल्ली परमेश्वरच्या हातात द्यायची. परमेश्वर म्हणजे गाळ्याचा मालक. शेजारीच त्याचं मोबाइलचं दुकान होतं. त्याला तसं सांगूनही ठेवलं होतं.

दुकान मुळात सिद्धोधनचं नव्हतंच. ते सुकेशनीचं. ती अंगणवाड्यांची सुपरवायझर होती. नोकरीभर खेडी पालथी घालताना कोणत्या बाईच्या हाताला काय येतं, ते तिच्या ध्यानात राहत गेलं. सोनपेठकडची सरजाबाई, तिची सुपं आणि टोपल्या. राणीसावरगावची सगुणाबाई, तिच्या गोधड्या. रिटायर झाल्यावर तिनं गंगाखेडात बसस्टँडजवळ हा गाळा भाड्यानं घेतला, भिंतींना फळ्या ठोकून घेतल्या, 'हातची वस्तू' अशी पाटी रंगवून घेतली. पाटी लागली, आणि आषाढातल्या एका दुपारी जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली. तिथून उठली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणींनी तिचं कपाट रिकामं केलं. साड्या वाटून टाकल्या. "नजरेसमोर नको, दादा, त्रास होतो," म्हणाल्या. सिद्धोधननं मान हलवली. त्या दिवसांत तो सगळ्यालाच मान हलवत होता.

माल मात्र येत राहिला. सुकेशनीनं बायांना सांगून ठेवलं होतं, दिवाळीच्या आगेमागे दुकान सुरू होईल म्हणून. बाया शब्दाला धरून होत्या. एसटीच्या टपावर टोपल्या यायच्या, कुणाच्या तरी जीपमधून गोधड्या यायच्या. शेवटी सगुणाबाईचा निरोप आला. रविवारी आमची गाडी ऊसतोडीला निघते, त्याच्या आत दुकान उघडा, डोळ्यांनी बघून जाऊ.

गोधड्या अकरा होत्या. गुरुवारी त्यानं त्या उलगडल्या, तेव्हा प्रत्येकीचा एक कोपरा वीतभर उघडा दिसला. तिथं टाकाच नव्हता. म्हातारीची नजर गेली, असं त्याला वाटलं. त्यानं डेपोत चौतीस वर्षं एसटीच्या सीटा शिवल्या होत्या. उसवलेलं दिसलं की त्याचा हात थांबत नसे. नायलॉनचा दोरा दुहेरी करून, जाड सुईनं, त्यानं दोन दिवसांत अकराही कोपरे बंद केले. ओढून बघितले. हलेनात. आषाढानंतर त्यानं मनापासून केलेलं हे पहिलं काम.

शनिवारी सकाळी त्यानं शटर उचललं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. मग फडकं घेऊन फळ्या पुसायला लागला. पुसलेल्याच फळ्या परत पुसत राहिला, कारण बसलं की उठवत नव्हतं.

अकराच्या सुमारास सगुणाबाई आणि सरजाबाई आल्या. सगुणाबाई सत्तरीच्या आसपासची. हाडं तेवढी उरली होती आणि आवाज. सुकेशनी तिच्याच आळीतली, म्हणून सिद्धोधन तिचा जावई.

"जावई, लय वाळलाव," ती पायरीवरच म्हणाली. "सोताच्या हातचं खायलाव का काय?"

"हो."

"मंग बरोबर हाय."

सरजाबाई हसली. तिनं आपल्या टोपल्या कुठं मांडल्यात ते आधी शोधलं. दर्शनी जागा बघून समाधानानं खाली बसली. सगुणाबाई गोधड्यांपाशी गेली. वरची उचलली, कोपरा चाचपला. मग खालची. मग तिसरी. सिद्धोधनला वाटलं, आता म्हातारी शाबासकी देईल.

"ह्ये कुनी केलं?"

"मी. उसवलं होतं सगळ्यांचं. पक्कं केलंय आता."

"उसवलं व्हतं?" सगुणाबाईनं सरजाबाईकडं बघितलं. "अकराच्या अकरा उसवल्या व्हत्या गं. तेबी एकाच कोपऱ्यात. वीतभर मापून. लय शाना उंदीर असंल."

सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. सिद्धोधन फडकं हातात धरून उभा राहिला.

"जावई, गोधडी कशाची आस्ती?"

"कापडाची."

"जुन्या कापडाची. घरच्या. मायचं लुगडं, बापाचं धोतर, लेकराचं झबलं. सुकेशनीनं मला कोरं कापड आनून दिलं. म्हनली, दुकानात ठेवायचंय, जुनं कुनी घेत न्हाई. म्या म्हनलं, पोरी, कोऱ्या कापडाखाली मानसाला झोप येत न्हाई. त्यात कुनाचंच काई न्हाई. मंग आमचं ठरलं. एक कोपरा म्या उघडा सोडीन. ज्यो घील त्यानं घरचा जुना तुकडा आनायचा, आत सारायचा, मंग मिटवायचं. ह्या बोलीवर म्या सुई धरली. तिनं तुमाला सांगितलं न्हाई?"

सिद्धोधननं आठवून बघितलं. सांगितलंही असेल. संध्याकाळी ती दुकानाचं बोलत बसायची आणि तो टीव्हीवरच्या बातम्या बघत 'हं, हं' करायचा. त्यातल्या कुठल्या हंच्या वेळी तिनं हे सांगितलं असेल, ते आता कुठून शोधायचं?

"माझ्या ध्यानात नाही," तो म्हणाला.

"मंग ह्या म्या घिऊन जाते," सगुणाबाई म्हणाली आणि गोधड्या एकावर एक रचायला लागली. "उसाच्या फडावर, कोपीत थंडी लय आस्ती. लेकरं निजतील."

गोधड्या गेल्या की अर्धं दुकान रिकामं होणार होतं. सिद्धोधनच्या मनात आलं, होऊ दे, तेवढंच संध्याकाळी आवरायचं कमी. पण सुकेशनीची ती फळी मोकळी झालेली त्याला बघवेना. ती फळी ठोकताना तिनं सुताराला दोनदा उंची बदलायला लावली होती, म्हाताऱ्या बाईचाही हात पोचावा म्हणून.

"थांबा," तो म्हणाला. "मीच शिवलेत, मीच उसवतो."

त्यानं ब्लेड आणलं. पण टाके त्याचेच होते. ब्लेड लावलं तर कापड फाटायची भीती, आणि दोरा ओढून निघेना.

"काय दाबून शिवलंय!" सगुणाबाई शेजारी बसत म्हणाली. "यष्टीतून कुनी गोधडी चोरून न्हील म्हनून का?"

तिघंही बसले. एक टाका सुटायला मिनिट लागत होतं. सहा कोपरे मोकळे झाले असतील, तेव्हा एक तरुण बाई पायरीवर येऊन उभी राहिली. खांद्याला पर्स, गळ्यात ओळखपत्र.

"दुकान चालू आहे ना?"

"हाय की," सिद्धोधनच्या आधी सरजाबाईनंच सांगितलं. "या, ताई."

तिचं नाव प्रियंका. पंचायत समितीत नोकरीला होती, माहेर जिंतूरचं, इथं एकटी खोली घेऊन राहत होती. तिनं निळ्या किनारीची गोधडी उलगडली, गालाला लावली, आणि तिचं बोट उघड्या कोपऱ्यात गेलं.

"काका, ही फाटलीय."

सिद्धोधननं सगुणाबाईकडं बघितलं. ती मुद्दाम दुसरीकडं बघत होती. मग त्यालाच बोलावं लागलं.

"फाटली नाही. ते... तिथं तुमच्या घरचं जुनं कापड घालायचं असतं. कुणाचंही. मग ते मिटवायचं. नाहीतर," त्याला शब्द सापडेना, "नाहीतर झोप येत नाही."

प्रियंका हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. गोधडीची घडी तशीच पोटाशी धरून उभी राहिली.

"आईची साडी चालेल? जुनी?"

"जुनीच पायजे," सगुणाबाई म्हणाली. "नवी आनशीला तर म्या घ्यायची न्हाई."

"उद्या रविवार. जिंतूरला जाऊन सोमवारी येते. गोधडी इथंच ठेवा, पैसे आत्ता देते. सोमवारी शिवून द्याल ना, आजी?"

"म्या उद्या गाडीत बसले, माय. गुढीपाडव्याला येईन आता. ह्ये हायती की जावई. ह्ये देतील."

"काका, मग सोमवारी दहाला येऊ?"

सिद्धोधननं मान हलवली. सवयीनं. ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते.

"मावशी, मला नाही येत ते टाके."

"मंग शिका. म्या काई जलमतः शिकून आलते?" सगुणाबाईनं उसवून झालेल्या गोधड्यांतून एक ओढून काढली. लाल आणि हिरव्या तुकड्यांची. "ही घ्या. ही इकायची न्हाई. सुकेशनीनं पयलीच सांगितली व्हती, तुमच्या घरासाटी. तिचं एखादं पातळ आना."

"नाहीत," सिद्धोधन म्हणाला. "वाटून टाकली."

"सगळी?"

"सगळी."

सरजाबाईनं सुपावरची नसलेली धूळ फुंकली. मग सगुणाबाईची नजर त्याच्या हाताकडं गेली.

"त्ये काय हाय?"

त्यानंही बघितलं. फडकं. उसवतानाचा वेळ सोडला तर सकाळपासून हातातच होतं. फिकट पिवळं, एका कडेला उरलेली तपकिरी काठाची बोटभर पट्टी. फळ्या बसवल्या तेव्हा भुसा पुसायला सुकेशनीनं घरच्या एका साडीचं फाडून आणलं होतं. ती साडी नेसून ती गावोगाव हिंडायची, दोन वेळा एसटीच्या दारात अडकून फाटली होती. बहिणींना ते कपाटात सापडलं नाही, कारण ते दुकानात खिळ्याला होतं.

"मळलंय," तो म्हणाला.

"मळू द्या. आत जायाचंय, कुनाला दिसतंय?"

त्यानं फडकं झटकलं. चौकोनी घडी घातली. कोपऱ्यातून आत सारलं आणि हातानं पसरवलं, सीटमध्ये काथ्या पसरायचा तसं. सगुणाबाईनं सुई ओवून दिली. त्यानं चार टाके घातले. तिनं ते बघितले आणि चारही ओढून काढले.

"लय घट्ट. गादी न्हाई शिवायलाव. खाली मानूस निजनार हाय, त्याला कुशीला वळाया नगं? ढिला सोडा."

त्यानं परत घातले. तिनं परत दोन काढले. तिसऱ्या वेळी तिनं नुसतं बोट फिरवलं, टाका काढला नाही. वीतभर कोपरा मिटवायला त्याला अर्धा तास लागला. मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं, कारण फडकं आता हातात नव्हतं.

चारच्या गाडीनं दोघी निघाल्या. सगुणाबाई पायरी उतरून परत वळली. "पाच कोपरे ऱ्हायलेत उसवायचे. तुमीच शिवलेत, तुमीच निस्तरा. आन् भाकरी पातळ थापा, जाड केली की कच्ची ऱ्हाती."

सहा वाजता सिद्धोधननं शटर ओढलं. प्रियंकाच्या गोधडीवर कागद टोचला होता, 'सोमवार, दहा, आईची साडी'. लाल-हिरवी गोधडी त्यानं काखेत घेतली. परमेश्वर आपल्या दुकानाच्या दारात चहा पीत उभा होता.

"काका, आणा मग किल्ली. एक जण गाळा बघायला येतोय उद्या."

सिद्धोधननं किल्ली खिशात टाकली.

"त्याला नको म्हण," तो म्हणाला. "सोमवारी एक बाई येणाराय."

"आणि मंगळवारपासून?"

"पाच कोपरे उसवायचे आहेत अजून," सिद्धोधन म्हणाला, आणि घराकडं चालायला लागला. पाय दुखत होते. गोधडी जड होती.