चार ओळी आणि सुकटीचं कालवण

माझ्या इंग्रजीत चुका नसतात. खोटं वाटत असेल तर वही बघा. चूक नको म्हणून मी लिहितेच चार ओळी, आणि त्या चारही पाठ केलेल्या असतात. नववीत माझा पहिला नंबर असाच टिकलाय.

मराठीत मात्र माझं तोंड बंद होत नाही. बोर्लीच्या स्टँडवर मी गोष्ट सांगायला लागले की एसटी लागली तरी पोरी उठत नाहीत.

यंदा अमिषा मॅडमनी सांगितलं, मुलांनी स्वतः लिहिलेलं इंग्रजी वाचायचा कार्यक्रम अलिबागला आहे आणि वर्गातून एकच जण जाणार. मला जायचं होतं. जायचंच होतं. मी आमच्या भातलावणीवर लिहिलं: आम्ही भात लावतो. सगळे येतात. आम्ही एकत्र जेवतो. आम्हाला आनंद होतो. चुका शून्य.

मग मॅडमनी वह्यांची अदलाबदल करायला लावली. नियम असा, की चुका काढायच्या नाहीत, फक्त एक प्रश्न विचारायचा. माझी वही गेली गणराजकडे, त्याची आली माझ्याकडे. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. हा इंग्रजीत हजेरीसुद्धा देत नाही, आणि हा माझी वही वाचणार? रागाच्या भरात मी त्याच्या अकरा चुकांना लाल गोल केले आणि प्रश्न विचारलाच नाही.

त्याने गोल पाहिले आणि वही दप्तरात कोंबली. माझ्या वहीत त्याने मात्र लिहिलं होतं, "आय एट युवर फूड. व्हाय यू नॉट राइट?"

माझे कान तापले, कारण ते खरं होतं.

आमच्याकडे लावणीला माणसं आज ह्याच्या शेतात तर उद्या त्याच्या शेतात जातात, आणि ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. पण गणराजचे आजोबा येसाजी आणि माझे बाबा बांधाच्या भांडणावरून तीन वर्षं बोलत नव्हते. यंदा दोन्ही शेतांत एकाच दिवशी लावणी लागली. आईने मला सुकटीचं कालवण आणि भाकऱ्या देऊन पाठवलं. पाऊस धो धो, सगळे वाकलेले, सगळ्यांच्या अंगावर तेच निळं प्लास्टिक. मी टोपली उतरवली ती येसाजींच्या शेतात! म्हाताऱ्याला वाटलं, भांडण मिटवायला जेवण आलं. तो रडला, मग सगळ्यांनी मिळून पातेलं पुसून खाल्लं. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा, आणि दुपारी उपाशी राहिलेल्या बाबांनी त्याला मुकाट्याने आत घेतलं.

मधल्या सुट्टीत मी गणराजला गाठलं. "सुकट, बांध, कशालाच इंग्रजी शब्द येत न्हाय मला. कसं लिहू?"

"मंग सुकटीला सुकटच लिव. तू सांगतेस तवा आमी पोट धरून हसतो. ह्या चार ओळींत तू हायस कुठं?"

मला आधी राग आला, मग त्याच्यासमोरच रडू आलं.

"तुझी वही दे," मी डोळे पुसत म्हणाले.

"परत गोल करशील."

"न्हाय. माझा प्रश्न राहिलाय." त्याने माणगावच्या बाजारात म्हैस विकल्याचं लिहिलं होतं. मी विचारलं, "जाताना म्हशीने मागं बघितलं?"

"व्हय. तीनदा."

"मग ते लिव ना!"

शुक्रवारी मी दीड पान वाचलं. चुका ढीगभर होत्या. पण येसाजी जेवायला बसले तिथे वर्ग खो खो हसला आणि मला इतकं बरं वाटलं, की पुढची ओळ वाचायला सापडेना.

मग गणराज उठला. अडखळत, थांबत त्याने वाचलं. म्हैस तिसऱ्यांदा वळली तेव्हा वर्गात कोणी हललं नाही. मीही नाही.

"अलिबागला कोण जाईल, तुम्हीच ठरवा," मॅडम म्हणाल्या. "गणराजसाठी हात वर करा."

मला जायचं होतं, अजूनही जायचंय. पण सगळ्यात आधी वर गेलेला हात माझा होता.