सुयांची पंगत

दान ही मोठी अवघड गोष्ट आहे. देणाऱ्याची दृष्टी घेणाऱ्याच्या गरजेवर असेल, तर मूठभर दिलेलेही पुरते. तीच दृष्टी स्वतःच्या पुण्यावर खिळली, तर दिलेले घेणाऱ्याला बाधते, आणि क्वचित देणाऱ्यालाही. धरणगावच्या पुखराजशेठना हे ज्ञान एकोणीसशे सदुसष्ट साली झाले. ते शरीराच्या ज्या भागी झाले त्याचा उच्चार सभ्य समाजात करू नये असा संकेत आहे. परंतु सत्याचा मान संकेताहून मोठा, म्हणून तो करणे भाग आहे.

पुखराजशेठ कापसाच्या जिनिंगचे मालक. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी बाजारपेठेत धर्मार्थ दवाखाना काढला होता. तेथे डॉक्टर असा कोणी नव्हता. तोताराम नावाचा कंपाउंडर होता, पाणी उकळायचे पातेले होते, आणि पेनिसिलिन होते. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसे बैल सोडून आधी दवाखान्यात येत आणि मग मिरच्यांचा भाव विचारायला जात.

शेठजींच्या घराण्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेले नव्हते, आणि त्यांच्या पंगतीत कधी पंक्तिप्रपंच झाला नव्हता. एकाच्या पानात दोन लाडू आणि शेजारच्याच्या पानात अर्धा, हे त्यांच्या घरी महापातक. हाच नियम त्यांनी अत्यंत निर्मळ मनाने सुईला लावला. औषधाच्या बाटल्या मोजक्या, माणसे उदंड. म्हणून एका बाटलीत पाणी अंमळ अधिक घालून ती पाच-सहा जणांत वाटावी. ज्याच्या छातीत कफ दाटला त्यालाही तेवढेच, आणि जिचे केवळ जावयाशी भांडण झाले तिलाही तेवढेच. दोघेही सारख्याच समाधानाने टोचलेली जागा चोळत बाहेर पडत.

आता, यजमानाने सर्वांच्या मागून जेवावे हा शिष्टाचार. तेव्हा रांग संपली की शेठजी पडद्याआड जात, धोतर सैल करत, आणि बाटलीच्या तळाशी उरलेले औषध त्याच सुईने घेत. ती सुई सकाळी एकदा उकळलेली असे. पुढे दिवसभर तोताराम तिला स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेई, वाढप्याने पळी पुसावी तशी.

"शेठजी, तुम्हाला तर काहीच झालेलं नाही," तोताराम एकदा भीत भीत म्हणाला.

"अरे, पंगतीला बसणारा उपाशीच असला पाहिजे असं कुठं आहे? टोच."

त्या वर्षी पर्युषण संपता संपता हे पुण्य फळाला आले. शेठजींच्या उजव्या बैठकीवर एक गळू उठले, आणि पाहता पाहता ते लिंबाचे पेरू झाले. व्यापारी गादीवर बसतो म्हणून तो शेठ. उभा राहिला की तो गिऱ्हाईक दिसतो. पुखराजशेठ आपल्याच पेढीत खांबाला टेकून उभे राहू लागले आणि आलेली माणसे त्यांनाच विचारू लागली, "शेठ कुठं गेले?" तोतारामने डाव्या बाजूला पेनिसिलिनच्या अख्ख्या बाटल्या रिचवल्या. उजव्या बाजूने त्यांची दखलही घेतली नाही. मग हुडहुडी भरून ताप चढला.

"आता पुण्य पुरे झालं," पत्नी धापूबाई म्हणाल्या. "धुळ्याला चला."

"तिथं डॉक्टर बाई आहे म्हणतात."

"मग? गावभरच्या बायका तुमच्या दवाखान्यात त्या तोतारामपुढे लाजेनं अर्ध्या होतात. त्यांना कधी विचारलंत?"

शेठजी जिनिंगच्या जीपमध्ये पालथे पडून धुळ्याला निघाले. अमळनेरात ओळखीच्या व्यापाऱ्यांनी नमस्कार केला, तो त्यांनी त्याच आसनात स्वीकारला.

धुळ्याच्या इस्पितळातल्या डॉक्टर पुष्पाबाई यावलकडच्या, केळी पिकवणाऱ्या घरातल्या. हात हलका, जीभ मात्र विळ्यासारखी. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "शेठजी, जिनिंगचा बॉयलर इथं ठेवलाय होय?" मग वेळ न दवडता त्यांनी गळू फोडले, आणि त्यातला पू तपासायला पाठवला. शेठजी मात्र तापात बरळतच राहिले, "वाढा, वाढा, शेवटच्या पानापर्यंत वाढा." धापूबाई उशाशी बसून नवकार जपत होत्या. अधूनमधून जप थांबवून त्या तोतारामचा उद्धार करत, आणि पुन्हा जपाला लागत.

तपासणी झाली तेव्हा पुष्पाबाई एक काचेची बशी घेऊन आल्या आणि ती त्यांनी पालथ्या शेठजींच्या नाकासमोर धरली. बशीत सायीसारखा थर होता, आणि त्यावर कागदाच्या लहान टिकल्या ठेवलेल्या.

"ही साय म्हणजे तुमच्या गळवातले जंतू. प्रत्येक टिकलीला एकेक औषध लावलंय. या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं ना? इथं ते मेले. आता ही बघा, पेनिसिलिनची."

त्या टिकलीला साय अगदी चिकटून होती.

"इथं काय दिसतं?"

शेठजींनी बराच वेळ पाहिले. "इथं जेवायला बसलेत," ते क्षीण स्वरात म्हणाले.

बाईंनी मग दवाखान्याची सगळी हकीकत विचारली. शेठजींनी ती आजारातही अभिमानाने सांगितली: पाणी घातलेली बाटली, समान वाटा, यजमानाची शेवटची सुई. बाई आधी खो खो हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

"थोड्या औषधानं दुबळे जंतू मरतात, शेठजी. दांडगे उरतात, आणि त्यांचा वंश वाढतो. असं दर बाजारी करून तुम्ही पेनिसिलिन पचवणारे पहिलवान तयार केलेत. ते एकाच सुईवर बसून गावभर हिंडले, आणि शेवटी यजमानाच्या घरी मुक्कामाला आले."

"म्हणजे आमच्याच गावात असं झालं?"

"छे! आमच्या वॉर्डातही हेच महाराज ठाण मांडून बसलेत. आम्हीही औषध कमी का उधळतो? तुमच्याकडे फक्त भक्तिभाव जास्त." त्यांनी मुंबईहून दुसरे औषध मागवले होते. "हे पूर्ण घ्यायचं. बरं वाटलं म्हणून उरलेलं दान करायचं नाही. आणि ती पंगत मोडा. डॉक्टर नेमा. ज्याला गरज त्याला पुरेपूर, बाकीच्यांना काही नाही."

"तो तर पंक्तिप्रपंच झाला, बाई!"

"हो. तोच करा."

चाकूपेक्षा हे वाक्य शेठजींना अधिक लागले. जखम भरत आली, ताप उतरला. पण रिकाम्या हाताने परतणारा माणूस डोळ्यांपुढे आला की ते पान अर्धेच टाकत.

तरी बाईंचे ऐकून त्यांनी डॉक्टर नेमला, आणि धरणगावला परतल्यावर बाजाराच्या दिवशी ते दवाखान्याच्या दारात उभे राहिले. अमळनेरहून आलेल्या नव्या डॉक्टराने निंबा नावाच्या हमालाची छाती तपासली आणि त्याला रोज येऊन पूर्ण औषध घ्यायला बजावले. पुढे सुगंधाबाई होती. तिचा गुडघा डॉक्टराने दाबून पाहिला, शेकायला सांगितले, आणि पुढच्याला हाक मारली. बाई तरातरा शेठजींपुढे आली.

"शेठ, त्या निंबाले रोज सुई, आनि माले काबरं नही? मी काय पाप करं?"

रांगेत कुजबुज झाली. "शेठना हात आखडना वाटस," कोणीतरी म्हणाले.

पुखराजशेठ पांढरे पडले. औषध संपले आहे, एवढे म्हटले असते तरी घराण्याची अब्रू वाचली असती. पण मग पुढच्या बाजारी काय सांगणार? त्यांनी पागोटे सारखे केले आणि आयुष्यात प्रथमच भर चौकात तो शब्द उच्चारला.

"सुगंधाबाई, पाप तुमचं नाही, माझं आहे. आणि ते माझ्या ढुंगणावर उमटलंय."

रांगेतल्या माना एकदम वळल्या.

"कोठे?" मागून एका बहिऱ्या म्हाताऱ्याने विचारले. तोतारामने विनयपूर्वक जागा दाखवली.

मग जो हशा उसळला त्याने गाड्यांचे बैल बुजले. तो ओसरेपर्यंत शेठजी थांबले, आणि त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले: पाणी, सुई, बशीतली साय, आणि जीपमधला प्रवासही. सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"आते तुम्हले बसता येस का?"

"नाही अजून."

"मंग माले नको ती सुई. गुडघा दुखस तं दुखू दे." पदराने हसू झाकत ती मिरच्यांच्या ढिगाकडे वळली. तिच्यामागे आणखी काहीजण रांगेतून निघाले.

त्या घराण्याच्या दारातून माणसे रिकाम्या हातांनी प्रथमच जात होती. शेठजी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना ते लागले खरे, पण आत, बाकावर, निंबाला त्याची पूर्ण मात्रा मिळत होती, आणि तोताराम पुढच्या सुईसाठी पाणी पुन्हा उकळत होता.

ज्याला औषध लागते त्याला ते पुरेसे लाभो. ज्याला लागत नाही त्याला त्यावाचून आरोग्य लाभो. आणि देणाऱ्याच्या हाताला नाही म्हणण्याचे बळ व मनाला स्वस्थता मिळो.