आधीच धुतलेले पाय

मित्रांनो, चर्चच्या मागे एक अंधारी खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, उतरवलेले पडदे आणि मेणबत्त्यांची खोकी ठेवतात. त्या खोक्यांच्या आड भिंतीला टेकून एक जुनी पितळी परात उभी आहे. ती मी. माझा काठ एका बाजूने चेपला आहे आणि बुडाला एक निळसर डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही. त्या डागाची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. सांगताना मान खाली जाते, पण सांगायलाच हवी.

मला घडवणाऱ्या कारागिराने पत्रा तापवून, लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून माझे काठ वर उचलले. काम झाल्यावर त्याने मला उन्हात धरलं आणि बायकोला म्हणाला, "अख्ख्या वरातीचं पीठ मळून होईल बघ हिच्यात." तेव्हापासून मी पिठाची स्वप्नं पाहत होते. पण नशिबापुढे कुणाचं चालतं? माझ्या वाट्याला आले पाय.

कापड रंगवण्याचा एक मोठा कारखाना गावाच्या कडेला होता. त्याचे मालक चर्चच्या कमिटीत होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि चर्चला भेट दिलं. तुम्हाला ठाऊक असेल, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. मंडळीतले बारा जण पुढे खुर्च्यांवर बसतात. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, गुडघे टेकून एकेकाचे पाय माझ्यात धरतात, पाणी घालतात आणि पुसतात. जो मोठा त्याने वाकावं, एवढाच त्याचा अर्थ.

आता गंमत ऐका. ज्याची ज्याची निवड होई, तो घरूनच पाय घासूनपुसून येई. नखं कापलेली, टाचा वजरीने गुळगुळीत केलेल्या, कुणी वर अत्तराचा थेंबही लावलेला. मालक नवे मोजे घालून येत आणि ते इतक्या बेताने काढत, की आतून पाय नव्हे, काचेचं सामान निघणार असं वाटावं. विधी संपला तरी माझ्यातलं पाणी झऱ्यासारखं नितळ असे. "काय सुंदर झाला विधी," असं म्हणत मंडळी घरी जाई. मलाही ते खरं वाटायचं. नितळ पाण्याचा मला अभिमान होता.

मंडळीत शेवटच्या बाकावर एक बाई बसायची. ती मालकांच्या कारखान्यात कापड खळबळण्याचं काम करी. तिचे पाय घोट्यापर्यंत निळे होते, म्हणून पोरंटोरं तिला निळी मावशी म्हणत. ती पाय बाकाखाली ओढून बसे. पण तोंडाने मोठी खट्याळ. कुणी विचारलं, "मावशी, आज कुठला रंग?" तर म्हणायची, "निळाच बाई. आमच्या मालकांना दुसरा सुचेल तर शपथ."

एका वर्षी पाळकसाहेबांनी कमिटीपुढे विचार मांडला, की यंदा बारा जणांत एखादी कष्टकरी बाई असावी. सगळ्यांना तो पटला. मालकांना तर फारच. "आमच्याच कारखान्यातली घ्या की," ते म्हणाले. "मावशीला बसवा माझ्या शेजारी." आपण केवढं पुढचं पाऊल टाकलं, अशा समाधानात सगळे चहा प्यायले.

विधीच्या आदल्या दुपारी पाळकीणबाईंनी मावशीला घरी बोलावलं. अंगणात स्टूल मांडलं, पुढे मला ठेवलं. सोबतीला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या हातात ब्रश, वजरी आणि कपड्यांचा साबण.

"बसा मावशी, लाजू नका," पाळकीणबाई म्हणाल्या.

"अहो बाई, धुवायला उद्या बोलावलंय ना? मग आज कशाला?"

ऑर्गनवाल्या बाई हसल्या. "उद्या पाळकसाहेब धुणार. त्यांच्यापुढे असे पाय ठेवायचे का? पाहुणे यायच्या आधी घर झाडतोच ना आपण?"

"झाडते की. पण हा केर नव्हे, रंग आहे. कातडीत मुरलाय. माझ्या बापजन्मी निघायचा नाही."

"आम्ही काढतो बघा. चिकाटीच्या आहोत आम्ही."

मित्रांनो, त्या दोघी वाईट नव्हत्या. मावशीला मंडळीसमोर कमीपणा येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कारखान्यात रंगाचं आणि सोड्याचं पाणी जमिनीवर घोट्याएवढं साचायचं, कारण तिथे गटारच नव्हतं. बायका त्यात दिवसभर उभ्या असत. चपला आठवड्याभरात कुजत, म्हणून पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधत. अशा पाण्यात मावशीची कातडी ओल्या कागदासारखी झाली होती. दोघी घासत राहिल्या. रंग निघाला नाही. कातडी निघाली. मावशीच्या पायाची बोटं माझ्या काठावर घट्ट आवळली.

"दुखतंय का हो?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"छे. गुदगुल्या होतात," मावशी म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुढे येऊन बसली. शेजारी मालक, पायांत नवे मोजे. पाळकसाहेबांनी तिचा पाय माझ्यात धरला आणि पाणी घातलं. पाणी आधी निळसर झालं, मग त्यात लाल धागा उतरला. पाळकसाहेबांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. मावशीने डोळ्यांनीच खुणावलं, चालू द्या. मालक छताच्या पंख्याकडे पाहत होते. ऑर्गनचा सूर थोडा मोठा झाला. मग पाळकसाहेबांनी घाईघाईने तिचे पाय पुसले आणि ते पुढच्या खुर्चीकडे सरकले.

गुड फ्रायडेला मंडळी चर्चमध्ये शोक करत होती तेव्हा मावशी कारखान्यात उभी होती. सुट्टी घेतली तर जागा जाते. उघड्या जखमा घेऊन ती त्याच पाण्यात उतरली. ईस्टरलाही तिचा बाक रिकामाच होता.

तिच्या घरून माझी मागणी आली. पाय कोमट पाण्यात ठेवायला मोठं भांडं हवं होतं. असा माझा मुक्काम तिच्या एका खोलीच्या घरात पडला. लेक शिवणकाम करायची. मशीन दाराशी, आईची खाट मशीनशेजारी. पाय सुजून मडक्याएवढे झाले होते आणि ताप हटत नव्हता. मंडळीकडून फळं आली, मलम आलं. पाळकसाहेब प्रार्थना करायला आले.

"आम्ही सगळे प्रार्थना करतोय, ताई," ते लेकीला म्हणाले.

"करा. मीही करते." तिने मशीन थांबवलं. "एक विचारू, साहेब? आई बरी झाली तर कुठे जाईल?"

पाळकसाहेबांनी हातातलं बायबल मिटलं.

"त्याच पाण्यात ना? तुम्ही तिचे पाय धुतलेत. ते पाय रोज कुठे उभे असतात ते बघायला कधी आलात?"

"अगं, साहेबांना आधी बसायला दे," खाटेवरून मावशी म्हणाली. "कानउघाडणी बसूनही करता येते." मग थोडा दम खाऊन म्हणाली, "साहेब, माझं जाऊ द्या. माझ्या जागेवर मालकांनी आमच्या शेजारणीची सून घेतलीय. कोवळी पोर आहे, दिवस गेलेत तिला. पाय अजून गोरे आहेत तिचे. तिला तेवढे गमबूट द्यायला सांगा. आणि ते पाणी जायला वाट करा म्हणावं."

"बोलतो मी मालकांशी," पाळकसाहेब म्हणाले.

ते बोलले नाहीत. चर्चच्या छपराचं काम मालक करून देत होते. अर्धी कौलं चढली होती, अर्धी चढायची होती. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता दिवस गेले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड पाळकसाहेबांनी ठेवली आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. विष मावशीच्या रक्तात भिनलं. एका सकाळी लेकीने कोमट पाणी माझ्यात ओतलं, आईचा पाय उचलला, तो गार लागला आणि ती तशीच बसून राहिली. पाणी निवलं तरी ती उठली नाही.

मग तिने त्याच पाण्यात आईचे पाय धुतले. हलक्या हाताने, बोटांच्या बेचक्यांतून, लहान मुलाचे धुवावेत तसे. पाळकीणबाई आणि ऑर्गनवाल्या बाई मदतीला आल्या होत्या. "तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

ऑर्गनवाल्या बाई दारातच उभ्या राहिल्या. "आम्हीच घासले गं ते."

"माहीत आहे. आईने सांगितलं होतं." लेकीने मान वर केली नाही. "ती म्हणायची, जन्मात कुणी माझे पाय इतका वेळ हातात घेतले नव्हते."

त्या बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यानंतर किती तरी रविवार चर्चमध्ये ऑर्गन वाजला नाही.

मावशीच्या मातीनंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "मी त्या जखमा पाहिल्या होत्या," ते म्हणाले, "आणि पुढच्या खुर्चीकडे गेलो. आज तिथून परत यायचंय. उद्या पाळी सुटायच्या वेळी मी कारखान्याच्या दाराशी परात घेऊन बसणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं."

मालक उठून उभे राहिले. "साहेब, धर्म धर्माच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी."

"खरं आहे, मालक. पण पाय दोन्हीकडे तेच असतात."

मालक बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग बरेच जण.

दुसऱ्या दिवशी दाराशी आम्ही मोजकेच होतो. पाळकसाहेब, पाळकीणबाई, ऑर्गनवाल्या बाई, आणि थोड्या अंतरावर भिंतीला टेकून मावशीची लेक. भोंगा झाला. बायका बाहेर आल्या आणि आम्हाला पाहून बावचळल्या. शेजारणीची सून पुढे ढकलली गेली. तिने पायांच्या पिशव्या सोडल्या, खाली पाहिलं आणि लाजून म्हणाली, "थांबा हं, नळावर धुऊन येते आधी."

"नको गं," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी मला तिच्या पायांशी सरकवलं. "अशीच ये."

त्या दिवशी माझं पाणी निळं झालं, मग काळं झालं. पाळकसाहेब पाय धुताना प्रत्येकीला विचारत होते, इथे कधीपासून फुटलंय, डॉक्टरला दाखवलं का, मालकांना सांगितलं का. बायका आधी हसण्यावारी नेत होत्या. मग एकीला कंठ फुटला, मग सगळ्यांना. बघता बघता दाराशी गलका झाला. पुढच्या आठवड्यात त्या बायका कामगार कचेरीत तक्रार द्यायला गेल्या, तेव्हा मंडळीतली माणसं त्यांच्यासोबत गेली आणि बाकड्यांवर दिवसच्या दिवस बसून राहिली. तिथल्या शिपायाने साहेब जेवायला गेलेत म्हटलं, की पाळकीणबाई म्हणायच्या, "जेवू द्या. आम्ही डबे आणलेत." दाराशी पाय धुणंही सुरूच राहिलं; माझ्या बुडाचा निळसर डाग त्याच पाण्याचा. एकदा रखवालदाराने मला लाथ मारली. माझा काठ चेपला तो तेव्हा.

शेवटी गमबूट आले. गटारही खणलं गेलं, कुरकुरत, पण खणलं गेलं. शेजारणीची सून बाळंतपणाला माहेरी गेली ती धडधाकट पायांनी गेली.

मालक मात्र चर्चमध्ये परत आले नाहीत. छपराचं काम तसंच अडलं. पावसात उजवीकडचे बाक भिजतात आणि अजूनही कुणी ना कुणी पुटपुटतं, की त्या निळ्या मावशीपायी आपलं छप्पर गेलं. ते ऐकलं की मला खोक्यांच्या आडच बरं वाटतं. मला वाटतं, छप्पर पुरं झालं असतं आणि आम्ही सगळे कोरड्या जागी बसून गात राहिलो असतो, तर आम्हाला काहीच कळलं नसतं.

दर वर्षी विधीच्या आधी पाळकसाहेब मावशीच्या लेकीकडे जातात. बारा जणांत बसशील का, विचारतात. ती शिवणावरून नजर न उचलता म्हणते, "पुढच्या वर्षी बघू." ते मान हलवतात आणि परत येतात. ती आपल्याला माफ करील असं ते कधी बोलत नाहीत. ती मात्र दर सोमवारी कारखान्याच्या दाराशी असते. माझं पाणी तीच बदलते.

मित्रांनो, जुनी भांडी आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला लख्ख ठेवा. मला तसं काही मागायचं नाही. लख्खपणा मी पुष्कळ भोगला. तुम्ही कधी कुणाचे पाय धुवायला बसलात आणि पाणी गढूळ झालं, तर दचकू नका, नजर वळवू नका. पाणी खुशाल बदला. पण पहिलं ओतून देण्याआधी समोरच्या माणसाला एवढं विचारा, की हा गाळ आला कुठून. आणि उत्तर मिळालं, की उठून तिथे चला.